ग्रेनेडाचे एरिक गेरी : मजुरांचा कैवारी जनतेला नकोसा कसा झाला?

प्रश्न
कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा ही तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. १९५१ मध्ये ज्यांच्या शब्दाखातर तेथील मळ्यांवरचे मजूर संपावर गेले, त्याच एरिक गेरींची पंतप्रधान म्हणून चाललेली राजवट १३ मार्च १९७९ रोजी, ते अमेरिकेत असताना, काही तासांत कोसळली. सत्तेने ते बदलले, की दोष मुळातच होता?

प्रतिसाद १
आधी १९५१ नीट समजून घ्यायला हवे. अरूबातील तेलशुद्धीकरण कारखान्यात काम करून गेरी परतले, तेव्हा जायफळ आणि कोकोच्या मळ्यांवरील मजुरांचा वाली कोणी नव्हता. त्यांनी १९५० मध्ये कामगार संघटना उभारली. पुढच्याच वर्षी संप पेटल्यावर वसाहत सरकारने त्यांना ग्रेनेडाच्याच कॅरियाकू या लहान बेटावर स्थानबद्ध केले, पण जाळपोळ थांबेना, तेव्हा शांततेचे आवाहन करण्यासाठी त्याच सरकारला त्यांना रेडिओवर आणावे लागले. प्रौढ मताधिकारावरील पहिल्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला आठपैकी सहा जागा मिळाल्या. मळेवाल्यासमोर मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या माणसाला 'अंकल गेरी' काय वाटत असतील, याची कल्पना करून पाहा.

प्रतिसाद २
हे मान्य करूनही मला दोषाचे बीज त्याच विजयात दिसते, कारण संघटना, पक्ष आणि पुढे सरकारही एकाच माणसाच्या मर्जीवर चालू लागले. उधळपट्टीच्या आरोपावरून ब्रिटिशांनी १९६२ मध्ये राज्यघटना स्थगित करून त्यांना हटवले, तरी १९६७ मध्ये ते पुन्हा सत्तेवर आले. त्यानंतर मात्र विरोधकांवर 'मुंगूस टोळी' ही गेरींच्या गुंडांची टोळी सोडली जाऊ लागली. नोव्हेंबर १९७३ मध्ये ग्रेनव्हिल येथे विरोधी नेते मॉरिस बिशप (ज्यांनी पुढे १९७९ मध्ये गेरींची सत्ता उलथवली) आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमानुष मारहाण झाली आणि २१ जानेवारी १९७४ रोजी मॉरिस यांचे वडील रुपर्ट बिशप गोळीबारात ठार झाले. त्यानंतर जेमतेम अडीच आठवड्यांनी, ७ फेब्रुवारीला, देश स्वतंत्र झाला. एकेकाळी संपाच्या बळावर पुढे आलेल्या गेरींना स्वातंत्र्याचा सोहळा स्वतःविरुद्धच्या संपाच्या सावटाखाली साजरा करावा लागला, हे मला फार क्लेशदायक वाटते.  

प्रतिसाद ३
'जनतेला नकोसा' या शब्दांना माझी हरकत आहे. गेरींनंतर सत्तेवर आलेल्या बिशप यांची १९८३ मधील हत्या आणि त्यानंतरची ग्रेनेडावरील अमेरिकेची लष्करी कारवाई यांनंतर डिसेंबर १९८४ मध्ये निवडणूक झाली, तेव्हा गेरींच्या पक्षाला पंधरापैकी एकच जागा मिळाली. मते मात्र एक तृतीयांशाहून अधिक होती. ती मते देणाऱ्यांत १९५१ मध्ये मजुरीवाढ पाहिलेली वयस्क माणसे असणार, असे मला वाटते.