शब्दचर्चा : विसावा, वचन आणि ‘दावा’

म्हापसेकरीण
आमच्या इमारतीत दर बुधवारी संध्याकाळी पाच-सात मराठी बायकांची प्रार्थना असते. मी ख्रिस्ती नाही, पण तळमजल्यावरच्या आजींना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवते. या बुधवारी इंग्रजीवरून मराठी केलेला एक कागद हाती आला. त्यात होतं : ‘देवाच्या अभिवचनांवर दावा करा आणि आध्यात्मिक विश्रांती प्राप्त करा.’ आजींनी तिथेच अडवलं. “दावा? देवावर? मग वकील कोण लावायचा?” सगळ्या हसल्या आणि मला पुढे वाचवेना.

तर प्रश्न दोन. या ‘दावा करा’ला धड मराठी काय? आणि आजी विश्रांतीऐवजी कायम ‘विसावा’ म्हणतात, त्यात काही फरक आहे की नुसती सवय?

वास्कोतला नगरी
ताई, सवय नव्हे, आजींना पाठ आहे ते. बायबलात मत्तय ११:२८, येशूचे शब्द – ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ मराठी चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, इथे ‘विश्रांती’ म्हणणार नाही. विश्रांती डॉक्टर सांगतो. आराम सुट्टीत होतो. विसावा मात्र ओझं वाहणाऱ्यालाच मिळतो, ओझं नसेल तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

गंमत पुढच्याच ओळीत आहे. विसावा देतो म्हणणारा लगेच ‘माझे जू आपणांवर घ्या’ म्हणतो. लहानपणी मला हे फसवणुकीसारखं वाटायचं. ओझं उतरव म्हणायचं आणि मानेवर जू ठेवायचं! पण आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं. आजोबा हात फिरवताफिरवता सांगायचे, नांगराने बैल मरत नाही, नीट न बसणारं जू त्याला मारतं. ‘माझे जू सोयीचे’ मधला ‘सोयीचे’ मला तेव्हा कळला. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘ख्रेस्तोस’ आहे, म्हणजे चांगलं, मायेचं. काम सुटत नाही, खांदा सोलवटत नाही, एवढंच.

कोशातला किडा
व्युत्पत्ती सरळ आहे. ग्रामचं गाव, नामचं नाव, तसा विश्रामचा विसावा. म्हणजे विश्रांती आणि विसावा एकाच श्रम् धातूची लेकरं. एक संस्कृतातून तसंच्या तसं उचललेलं, दुसरं लोकांच्या तोंडात झिजून गुळगुळीत झालेलं.

पण माझी एक शंका आहे. पालखीचा विसावा म्हणजे घटकाभर टेकणं, रात्रीचा तो मुक्काम. अंत्ययात्रेतसुद्धा तिरडी वाटेत खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, त्याला विसावा म्हणतात. म्हणजे पुढे चालायचंच आहे. मग जे कायमचं आहे असं ख्रिस्ती लोक मानतात, त्याला हा तात्पुरता शब्द कसा चालतो?

वास्कोतला नगरी
शंका रास्त आहे. ग्रीकमध्ये शब्दही दोन आहेत. मत्तयात ‘आनापाउसिस’चं कूळ, म्हणजे दम खाणं, ताजंतवानं होणं. तिथे तुमचा पालखीवाला विसावा चपखल बसतो. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात ‘कातापाउसिस’ आहे, म्हणजे थांबून स्थिर होणं. चाळीस वर्षं रानात भटकलेल्या इस्राएलाला कनान देशात पोचायचं होतं, तो विसावा. देव सातव्या दिवशी कामावरून थांबला, तोही तोच. हा खरं तर मुक्काम. मराठी भाषांतराने दोन्हीकडे ‘विसावा’च ठेवला, आणि नवव्या ओवीत, चुकलो, वचनात (बायबलाच्या ओळीला आम्ही वचन म्हणतो) ‘शब्बाथाचा विसावा’ म्हटलं. मला ते आवडतं. रोजच्या टेकण्यात शेवटच्या मुक्कामाची चव लागते. पण कोशाच्या बाजूने तुम्ही बरोबर आहात.

सासष्टीकार
कोकणीत तुमचा हा घोळ केव्हाच मिटलाय. आमच्याकडे कोणी वारलं की ‘सासणाचो विसव’ मागतात. सासण म्हणजे कायमचं. विसव तात्पुरता वाटतो ना, मग त्याला विशेषण लावा आणि मोकळे व्हा! आणि शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात डोक्यावरची पाटी खाली ठेवणारी बाईही ‘मात्सो विसव घेतां’ म्हणते. दोन्हीकडे शब्द तोच.

आता कुणीतरी सुशेगाद म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. तो पोर्तुगीज ‘सोसेगादो’वरून आलाय, अर्थ निवांत. पर्यटकांनी त्याचा पार आळस करून टाकला. प्रार्थनेत घालू नका, लोक बीचवर जातील.

कोशातला किडा
नगरीभाऊंनी ‘वचन’ म्हणताना ओवी म्हटलं, ते आवडलं. गोव्यात ही चूक शोभते. रायतूरला १६१६ साली छापलेलं फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीतच आहे, स्वर्गाला तिथे वैकुंठ म्हटलंय. विल्यम कॅरीने सेरामपूरला मराठी नवा करार छापला तो १८११ मध्ये. म्हणजे ख्रिस्ती मराठी शब्द घडवायचं काम इथे त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी सुरू होतं. आणि आज आपण ‘दावा करा’वर येऊन पोचलो.

म्हापसेकरीण
हो, दावा राहिलाच! तेवढं सोडून सगळं झालं.

पेडण्याचा
मुळात वचन या शब्दातच गाठ आहे. इब्री ४:१ मध्ये ‘विसाव्यात येण्याचे वचन’ म्हणजे दिलेला शब्द. त्याच अध्यायात ४:१२ मध्ये ‘देवाचे वचन सजीव’ म्हणजे उच्चारलेला शब्द. कोकणीत ‘उतर’चंही तसंच. देवाचें उतर वाचतात, आणि माणूस माणसाला उतर देतो. ‘शब्द दिला’ म्हणतो तेव्हा मराठीही तेच करते. म्हणून ‘अभिवचन’ हा वेगळा शब्द चर्चमध्ये रुळला असावा. मला तो जरा सरकारी वाटतो. जुन्या मराठीत ‘भाक’ होता, काय सुंदर शब्द! पण आता भाक दिली म्हटलं की पोरं भाकरी समजतात.

दाव्याबद्दल. आमच्या गावात देवळात गाऱ्हाणं घालतात. एक जण ‘बा देवा म्हाराजा’ करून मागणं मांडतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. शेजारच्या ख्रिस्ती मित्राने एकदा मला २ करिंथ १:२० दाखवलं. देवाची वचनं कितीही असोत, ख्रिस्ताच्या ठायी ‘होय’ आहे, म्हणून आपण ‘आमेन’ म्हणतो. मी म्हटलं, अरे हे तर गाऱ्हाणं! तो म्हणाला, उलटं आहे. तुम्ही मागता आणि तुम्हीच व्हय म्हणता. इथे देव आधी होय म्हणून मोकळा झालाय, आम्ही फक्त आमेन म्हणायचं. तेव्हा राग आला होता, पण मुद्दा बिनतोड होता. मग ज्याने आधीच होय म्हटलं, त्याच्यावर दावा कसला?

नोटरीकडचा कारकून
दाव्याची एवढीही हेटाळणी नको, आमचं पोट त्यावर आहे. गोव्याच्या वारसा कायद्यात आईबापांना मुलांचा निम्म्या मालमत्तेवरचा हक्क सहसा मोडता येत नाही. तो वारस ऑफिसात येतो तेव्हा भांडायला येत नाही, माझं नाव लावा म्हणतो. बायबलातही ‘वचनाचे वारीस’ असा शब्दप्रयोग आहे. इंग्रजीतल्या क्लेममागे हाच अर्थ असणार. मराठीत दावा म्हटलं की समोर प्रतिवादी उभा राहतो, तिथे बिघडतं. ‘हक्काने मागा’ म्हटलं तर लेकरू बापाकडे मागतं तसं वाटेल.

आणि आजींना सांगा, वकील आहे. १ योहान २:१ मध्ये येशूला पित्याजवळचा ‘कैवारी’ म्हटलंय. फी घेत नाही, म्हणून आमच्या ऑफिसात त्याला काम मिळणार नाही.

वास्कोतला नगरी
कैवारी! या कागदवाल्यांनी केलं असतं तर ‘ॲडव्होकेट’ झालं असतं.

आमच्या फेलोशिपमधली पोरं ‘वचन क्लेम कर’ म्हणतात आणि एकमेकांना कळतं. पण नव्या वर्षाच्या रात्री ताटलीतून बायबलचं वचन लिहिलेलं कार्ड उचलल्यावर आई कधी ते क्लेम करत नव्हती. ‘हे धरून राहा’ म्हणायची. वर्षभर ते कार्ड पिठाच्या डब्यामागे खोचलेलं असायचं, कडा तेलकट झालेल्या. ‘वचनावर विसंबून राहा’ हेही चालेल. विसंबण्यात आपला सगळा भार दुसऱ्यावर टाकलेला असतो.

कोशातला किडा
आणि जुन्या मराठीत ‘क्षणभर न विसंबणे’ म्हणजे घटकाभरही नजरेआड न करणे. म्हणजे विसंबणे म्हणजे टाकून जाणे, आणि विसंबून राहणे म्हणजे भरवसा ठेवणे. एकाच क्रियापदाची दोन तोंडं. यावर वेगळा धागा काढतो.

म्हापसेकरीण
काढा, मी येते. काल आजींना तिन्ही वाचून दाखवलं. ‘हक्काने मागा’ त्यांना पटलं नाही, “मागून झालंय गं सगळं” म्हणाल्या. ‘विसंबून राहा’ला मान हलवली. ‘धरून राहा’ ऐकल्यावर कागद मागितला, चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवला आणि मला म्हणाल्या, आता ते जू वाच.