"समजलं का?" "हो बाई!" आणि सोमवारी पाटी कोरी

सातवी_ब: सातवीला विज्ञान शिकवते, पट 52. प्रकाशसंश्लेषण झालं. रंगीत खडूंनी पानाची आकृती काढली, प्रश्नोत्तरं घेतली, शेवटी "समजलं का?" विचारलं तर एका सुरात "हो बाई". सोमवारी विचारलं, झाडाचं वजन वाढतं ते कशामुळे? निम्मा वर्ग म्हणाला "मातीमुळे". उरलेले वहीची पानं उलटत बसले. उजळणी घ्यावी तर "हे झालंय की" म्हणतात. पुन्हा शिकवू का?

आखूडपट्टी: व्याख्या दहादा लिहून घ्या. येते मग.

धुळाक्षर: सर, दहादा लिहून व्याख्याच येईल, झाडाचं वजन नाही.

बाई, पुन्हा शिकवू नका. मुलं खोटं बोलली नाहीत, त्या क्षणी त्यांना खरंच समजलं होतं. 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र लिहून काढणाऱ्यांना जास्त आठवत होतं. म्हणून माझा तास आता हजेरीनंतर लगेच वहीच्या मागच्या पानावर सुरू होतो: पुस्तक बंद, परवाचं काय आठवतंय ते लिहा. चार मिनिटं, बस.

दुसरी गोष्ट प्रश्नोत्तरांची. एकदा मोबाइल टेबलावर ठेवून स्वतःचाच तास रेकॉर्ड केला. लाज वाटली. एका प्रश्नाचं उत्तर मीच दिलं होतं आणि वर "छान!" पण मीच म्हटलं होतं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांची अशी रेकॉर्डिंग्ज तपासली, तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, मुलं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मी गप्प उभा राहिलो तर पोरं खिदळली, त्यांना वाटलं सर विसरले! मग सांगूनच टाकलं, "मी थांबणार आहे, हात लगेच वर करायचा नाही." नाव आधी घेऊन प्रश्न विचारायचीही सवय होती. "अमुक, सांग" म्हटलं की बाकीचा वर्ग सुटला! आता प्रश्न, मग शांतता, मग नाव.

आणि रो यांनी थांबायची दुसरीही एक जागा सांगितली आहे, उत्तर आल्यानंतरची. तिथे तोंडातून "बरोबर" निघू न देणं मला अजून जमत नाही.

वाळुंज: माती म्हणणाऱ्यांना व्हॅन हेल्माँटचं झाड द्या. सतराव्या शतकातला हा शास्त्रज्ञ. सुमारे 90 किलो सुकवलेली माती, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोपटं, आणि 5 वर्षं फक्त पाणी. झाड झालं 76 किलोंच्या वर. मातीचं वजन किती घटलं असेल, हे आधी मुलांना लिहायला लावा. खरं उत्तर: साधारण 57 ग्रॅम. त्याने सगळं श्रेय पाण्याला दिलं, हवा त्याच्या हिशेबातच नव्हती. तिथूनच तास पुढे न्या.

सातवी_ब: केलं आज! अंदाज 20 किलोंपासून "कुंडी रिकामी"पर्यंत आले. 57 ग्रॅम म्हटल्यावर वर्ग गप्प. मीही गप्प, ओठ घट्ट मिटून. मग खिडकीजवळून आलं, "बाई, हवेला वजन असतं?" हा मुलगा जूनपासून पहिल्यांदा बोलला. पण मागच्या पानांच्या 52 वह्या कधी तपासू?

धुळाक्षर: तपासूच नका. उत्तर फळ्यावर लिहा, मुलं दुसऱ्या रंगाच्या पेनने आपलं आपण दुरुस्त करतील. तुम्ही बाकांमधून एक फेरी मारा, काय चुकतंय ते दिसतं. गुण मात्र देऊ नका. दिलेत की माना शेजारच्या वहीकडे वळल्याच.