री: [मंडळ] कोविडमधले फुकटचे पैसे

नमस्कार मंडळी,
पिकनिकच्या मीटिंगमध्ये विषय अर्धवट राहिला म्हणून इथे टाकतोय. कोविडमध्ये इथे न्यूझीलंडमध्ये सरकारने छोट्या बिझनेसना दिलेल्या लोनची ५ वर्षांची मुदत २०२५ पासून संपायला लागलीये आणि बरेच जण परतफेड जड जाते म्हणून कुरकुरतायत. मला कळत नाही, टूरिझमवाल्यांना तेव्हा आधी सबसिडी, मग लोन, मग ग्रँट असं पोत्याने मिळालं ना? आम्ही नोकरीवाले आपले पीएवायई (पगारातून कापला जाणारा टॅक्स) भरतोय. कोणाला टोमणा नाही, खरंच विचारतोय.
– ऑकलंडचा आयटीवाला

---

अरे बाबा, तेव्हाच बोलणार होतो पण काकूने डोळे वटारले म्हणून गप्प बसलो.

तू ज्याला फुकटचे म्हणतोस ती वेज सबसिडी, म्हणजे माणसांच्या पगारासाठी सरकारने मालकांना दिलेली मदत. १९ मार्च २०२० च्या रात्री बॉर्डर बंद झाली, २५ च्या रात्रीपासून लेव्हल फोर, म्हणजे कडक लॉकडाउन. माझ्या दोन व्हॅन, मी, काकू आणि दोन ड्रायव्हर, एप्रिल-मेमध्ये मुंबई-पुण्याहून शाळेच्या सुट्टीत येणाऱ्या फॅमिलीज हा माझा मोठा सीझन, तो चार दिवसात साफ झाला आणि घेतलेले डिपॉझिट परत करायचे ते वेगळेच. सबसिडीचा अर्ज मात्र सोपा होता, खोटं कशाला बोलू. धंदा ३० टक्के पडलाय एवढं लिहून द्यायचं (माझा १०० टक्के पडला होता), कागद एकही न मागता आठवड्याच्या आत पैसे खात्यात. फुलटाइम माणसामागे आठवड्याला ५८५ डॉलर ८० सेंट, १२ आठवड्यांचे एकदम. चौघांचे मिळून २८,११८.

आता पुढचं ऐक. हे सगळे पगाराचे पैसे, मी आपला मधला पोस्टमन. दोन व्हॅनचे हप्ते, इन्शुरन्स, यार्डाचं भाडं यातलं काहीच त्यात बसत नव्हतं. रेगो (गाडीचं रजिस्ट्रेशन) होल्डवर टाकता आली, हप्ता कसा टाकणार? म्हणून मग ते लोन काढलं. १०,००० आणि वर माणशी १,८०० म्हणजे १७,२००. पहिल्या वर्षात फेडलं तर व्याज नाही, ते नंतर दोन वर्षं केलं, पुढे ३ टक्के. अटी चांगल्याच होत्या रे, पण दोन वर्षात फेडायला गिऱ्हाईक पाहिजे ना, आणि बॉर्डर सगळ्यांसाठी पूर्ण उघडली ३१ जुलै २०२२ ला.

आणि एक राहिलंच. सबसिडी कोणाला किती मिळाली हे वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकून कोणालाही बघता यायचं, तर आपल्याच मंडळातल्या एका हुशार माणसाने माझा आकडा शोधून व्हॉट्सॲपवर टाकला होता. मला अजून माहितीये तो कोण ते.
– रोटोरुआवाले काका

---

काकांचं बरोबर आहे पण माझी बाजूपण ऐका, मी तेव्हा क्वीन्सटाउनला हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर होते, वर्क व्हिसावर. सबसिडी व्हिसावाल्यांनापण लागू होती त्यामुळे ते १२ आठवडे आणि जूनमध्ये वाढवून दिलेले ८ आठवडे पगार आला, पण ते संपल्यावर हॉटेलने सरळ माणसं कमी केली, आणि व्हिसावाल्याला बेनिफिट नाही, व्हिसा त्याच मालकाला बांधलेला, घरभाडं मात्र क्वीन्सटाउनचं. २० आठवड्यांत बॉर्डर उघडेल असं तेव्हा सगळेच धरून चालले होते वाटतं.

आणि पोत्याने मिळालं म्हणाल तर ते ४०० मिलियनचं टूरिझम पॅकेज, ते कोणाला मिळालं बघा ना. एजे हॅकेट बंजी या बंजी जंपिंगच्या कंपनीला ५.१ मिलियन ग्रँट आणि तेवढंच लोन मंजूर झालं. आमच्या गावात त्यावरून दोन तट होते, एक म्हणायचे बंजी बंद पडली तर क्वीन्सटाउनला कोण येणार, दुसरे म्हणायचे मग आमची बोट बंद पडलेली चालते का. पुढे ऑडिटर जनरलने चौकशी करून निवडीच्या पद्धतीवर बोट ठेवलंच.
– हॅमिल्टनची वहिनी (आधी क्वीन्सटाउन)

---

वहिनी, तुमच्याकडे निदान तट पडायला पैसे तरी आले. मे २०२१ मध्ये २०० मिलियन काढले ते साउथ आयलंडच्या पाच भागांना, कायकोरा, मॅकेन्झी, क्वीन्सटाउन, फिओर्डलँड, साउथ वेस्टलँड. रोटोरुआ त्यात नाही! आमच्याकडे मोटेलं भरलेली होती पण टूरिस्टने नाही, बेघर लोकांनी. मी २१ च्या सीझनला ‘ते पुके’ गावात किवी फळांच्या पॅकहाउसमध्ये नाइट शिफ्ट केली, वयाच्या ५४ व्या वर्षी.
– काका

---

मध्येच बोलतो. माझ्या भावाचं तारकर्लीला होमस्टे आहे, चार खोल्या, मासे-भाकरी घरचीच. भारतात जून २०२१ मध्ये टूरिझमसाठी स्कीम आली ती पण लोनचीच, सरकारची गॅरंटी, मान्यताप्राप्त एजन्सीला १० लाखापर्यंत आणि लायसनवाल्या गाइडला १ लाख. भाऊ यातला कोणीच नाही, आणि होडीवाला, स्नॉर्केलिंगवाला, कुठल्या यादीत बसणार? हॉटेलवाल्यांसाठी दुसरी स्कीम होती, तिच्यात आधीच्या थकीत कर्जाच्या ४० टक्क्यांपर्यंत नवीन कर्ज, म्हणजे आधी कर्ज नसेल तर काही नाही. आमच्या वडिलांनी आयुष्यभर कर्ज काढलं नाही याचा पहिल्यांदा तोटा झाला. वर मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने पत्रे नेले ते वेगळंच.
काका, कागद न मागता आठवड्यात पैसे हे मी भावाला सांगितलं तर तो म्हणाला थापा मारू नको.
– वेलिंग्टनहून, मालवणकर

---

थकीत नाही रे, शिल्लक कर्ज. थकवलेल्याला कोण देणार.
– वहिनी

---

हो हो, शिल्लक. मराठी गंजलं.
– मालवणकर

---

ओके, पोतं शब्द मागे घेतो. पगार आणि धंदा हे दोन वेगळे हिशोब आहेत हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि काका, व्हॉट्सॲपवाला मी नव्हतो, तेव्हा मी ग्रुपमध्येपण नव्हतो. किती राहिलंय लोन? आणि पिकनिकला तुमच्या दोन्ही व्हॅन घेऊया का, मंडळ रेट देईल, डिस्काउंट नको.
– आयटीवाला

---

४ हजार आणि वर चिल्लर. हप्ते पाडून घेतलेत, दिवाळीपर्यंत फिटेल.
व्हॅन एकच आहे आता, दुसरी २१ मध्ये विकली. ११ सीट. लहान पोरं आणि आज्या माझ्याकडे, बाकीच्यांनी आपापल्या गाड्या आणा. डब्यात काय आणायचं ते काकू वेगळं मेल करेल.
– काका