मिसिंग नंबरचं यंत्र पोरांच्या गळ्यात कशाला बांधताय?

घाटमाथा
काल फॅमिली ग्रुपवर एक पोस्ट आली, तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून इथं लिहितोय. पोस्टमध्ये काय तर जन्मतारखेचे आकडे लोशू ग्रीडमध्ये (नऊ घरांचा चिनी चौकोन) भरा, जो नंबर येत नाही त्याचं पर्सनल यंत्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्या आणि ताईतात घालून गळ्यात बांधा. वर आणि असं की 2000 नंतरच्या बऱ्याच मुलांच्या तारखेत 1 आणि 9 नसतो, त्यामुळं या पिढीत आत्मविश्वास नाही, जिद्द नाही, आईवडिलांनी वेळीच जागं व्हावं. खाली लगेच नातेवाइकांनी आपापल्या पोरांच्या तारखा टाकल्या.
अहो, 1900 ते 1999 मध्ये जन्मलेल्या प्रत्येक माणसाच्या तारखेत 1 आणि 9 आहेच, सालातच आहे तो! घाबरट, आळशी, कर्जबुडवे सगळे त्यात आले. आणि 2000 उजाडल्यावर एका रात्रीत अख्ख्या पिढीत दोष कसा काय आला? बरं, आपलं पंचांग काढा. 24 ऑगस्ट 2006 ला जन्मलेल्या मुलीच्या तारखेत 1 नाही, 9 नाही. पण तोच दिवस शके 1928. आला 1, आला 9. मुलगी तीच, दिवस तोच. मग दोष मुलीत आहे की कॅलेंडरमध्ये? दहावीच्या पोरीला ‘तुझ्यात जिद्दीचा नंबर नाही’ असं घरातलीच माणसं सांगतायत, याचा राग येतोय मला.

माजघर
राग समजला, पण पोस्ट वाईट म्हणून यंत्र वाईट हे कुठून आणलंत? माझ्या वडिलांची बायपास होती तेव्हा आई रोज पहाटे अंघोळ करून भूर्जपत्राच्या तुकड्यावर डाळिंबाच्या काडीनं अष्टगंधात पंधराचं यंत्र काढायची, म्हणजे नऊ घरांत 1 ते 9, कुठूनही बेरीज 15. आकडे ओळीनं भरायची नाही, 1 कुठं मग 2 कुठं असं चढत्या क्रमानं घर शोधत शोधत, नवापर्यंत. काडी अष्टगंधात जास्त बुडली की आकडा पसरायचा, मग ते पान बाजूला ठेवून दुसरं घ्यायची. तेवढा वेळ ती रडायची नाही. वडील बरे झाले ते डॉक्टरमुळं, हे आम्हालाही कळतं हो. पण आई टिकली ती त्या नऊ घरांमुळं. हे ज्यांनी घरात बघितलं नाही त्यांनी एका फटक्यात सगळ्याला खुळचटपणा म्हणू नये.

घाटमाथा
खुळचटपणा हा शब्द मी वापरलेलाच नाही, परत वाचा. तुमच्या आईंनी कुणाला भीती घातली नाही, कुणाकडून पैसे घेतले नाहीत. मी बोलतोय ते भीती घालणाऱ्यांबद्दल.

पाढेपाठ
यंत्राचं गणित मी वर्गात शिकवते म्हणून मध्ये पडतेय. सूर्याचं यंत्र असं: 6 1 8, खाली 7 5 3, खाली 2 9 4. आडवी, उभी, तिरपी बेरीज 15. प्रत्येक घरात 1 मिळवा की चंद्राचं झालं, बेरीज 18. आणखी एक मिळवा, मंगळ, 21. असं करत केतूपर्यंत 39. म्हणजे मूलांक (जन्मदिवसाच्या आकड्यांची बेरीज) 5 वाल्याला जे ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून बुधाचं यंत्र देतात ते सूर्याच्याच यंत्रात सगळीकडं 3 मिळवलेलं असतं, आणि 5, 14, 23 तारखेच्या सगळ्यांना तेच. यात पर्सनल काय?
खरंच पर्सनल हवं असेल तर रामानुजनच्या नावानं सांगतात तो चौकोन बघा. पहिल्या ओळीत त्याची जन्मतारीख, 22 12 18 87, बेरीज 139. दुसरी ओळ 88 17 9 25, तिसरी 10 24 89 16, चौथी 19 86 23 11. कुठूनही 139. तारखेचे चार भाग क्रमानं पहिला, दुसरा, तिसरा, चौथा धरा: दुसऱ्या ओळीत चौथा अधिक 1, तिसरा वजा 1, दुसरा वजा 3, पहिला अधिक 3. तिसरीत दुसरा वजा 2, पहिला अधिक 2, चौथा अधिक 2, तिसरा वजा 2. शेवटी तिसरा अधिक 1, चौथा वजा 1, पहिला अधिक 1, दुसरा वजा 1. कुणाचीही तारीख घाला, जमतं. मात्र मार्चवाल्यांना एका घरात शून्य येतं आणि जानेवारी-फेब्रुवारीवाल्यांना वजा आकडा. मुलं यावर तासभर भांडतात, मला फार आवडतं ते. आपल्याकडं नारायण पंडितानं 1356 मध्ये यावर अख्खं प्रकरण लिहिलंय, खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात 34 बेरजेचा चौकोन कोरलेला आहे. एवढं सोन्यासारखं गणित आणि आपण त्याचा ताईत करून दोऱ्यात ओवतोय.

माजघर
मंदिरात कोरला ते चालतं, गळ्यात घातला की नाही चालत? कोरणाऱ्यांनी तो काय गणिताचा तास म्हणून कोरला होता का?

पाढेपाठ
ते कोरणाऱ्यांच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही. मुद्दा घ्या, हा तुमचा.

ठाणेलोकल
कायद्याचं कुणी बोललंच नाही. जानेवारी 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं सांगितलंय की चमत्काराचा दावा करून यंत्रं विकायच्या टीव्हीवरच्या जाहिराती 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतात, म्हणजे बेकायदा. ताईतानं रोग बरा होतो अशी जाहिरात तर 1954 च्या कायद्यानंच गुन्हा आहे. घरी स्वतःसाठी काढायला मात्र कुणाची ना नाही, तेवढं माजघर यांचं बरोबर.

दोनवेळासही
यंत्राचं सोडा, ते काढून कपाटात ठेवता येतं. नावाच्या स्पेलिंगचं काय? त्याच लोकांचा दुसरा धंदा तो! माझ्या धाकट्या भावाला एकानं नामांक (नावाच्या अक्षरांच्या आकड्यांची बेरीज) जुळत नाही म्हणून एक ए वाढवायला लावला. यानं बँकेत वाढवला, पॅनला वाढवला, आधारला जुनंच. आता नोकरी सुटली तर पीएफ निघत नाही, नाव मॅच होत नाही म्हणून क्लेम परत येतोय. भाऊ म्हणतो साडेसाती, मी म्हणतो ए.

घाटमाथा
आणि हे आकडे कुठल्या अक्षरांवर काढतात? इंग्रजी! ‘सुनीता’ घ्या, एस यू एन आय टी ए. कीरो नावाच्या अंकज्योतिषाच्या पद्धतीनं 20, म्हणजे 2. पायथागोरसवाल्या तक्त्यानं 21, म्हणजे 3. त्यांच्या हिशोबात 2 चंद्राचा, 3 गुरूचा. ग्रह बदलला, चंद्राचा गुरू झाला, का तर तक्ता दुसरा! आय काढून डबल ई केलं तर एकात 2 च राहतो आणि दुसऱ्यात 4 होतो. बारशाला आत्यानं कानात नाव सांगितलं ते काय स्पेलिंगसकट सांगितलं होतं?

चहाकमीसाखर
मी स्पेलिंग बदललंय आणि बदलल्यावर वर्षाच्या आत दुकान चालायला लागलं. तुम्हाला पटो न पटो. माझा अनुभव तुम्ही खोटा कसा ठरवणार?

घाटमाथा
खोटा म्हणत नाही. दुकान तुम्ही पहाटे उठून उघडता, उधारी तुम्ही वसूल करता आणि श्रेय एका अक्षराला देता, तुमच्याच मेहनतीचा अपमान आहे हा.

चहाकमीसाखर
माझ्या मेहनतीची काळजी तुम्ही करू नका. पाटी बदलल्यावर मला हुरूप आला, हुरूप आल्यावर मी लवकर उघडायला लागलो. कळलं?

घाटमाथा
हे पटतंय. हुरूप आला हे मान्य. अक्षरामुळं आला हे नाही मानणार.

माजघर
मग माझ्या आईच्या बाबतीत मी तेच तर म्हणतेय कधीची! आणि पोरांच्या बाबतीत तुमचं मला मान्य, ‘तुझ्यात हा नंबर नाही’ असं मुलांना सांगू नये. भाचीची तारीख मीही टाकली होती त्या पोस्टखाली, काढून टाकते.

नवीसांगवी
दोनवेळासही, पीएफचं पुढं काय झालं? माझ्या साडूचंही असंच अडकलंय, त्यानंही आडनावात एक अक्षर घुसवलंय.

दोनवेळासही
गॅझेटमध्ये नावबदल छापला नसेल तर उलटं फिरणं सोपं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे नाव आहे तेच आधारला ठेवा, मग पॅन त्याप्रमाणं, मग बँक. पीएफमध्ये चुकीचं गेलं असेल तर जॉइंट डिक्लरेशन (दुरुस्तीचा फॉर्म) भरावं लागतं, काही खात्यांना त्यासाठी कंपनीची मंजुरी लागते. आमचं तिथंच अडलंय, जुनी कंपनी फोन उचलत नाही. साडूची कंपनी चालू असेल तर उद्याच एचआरला गाठायला सांगा.