‘बोट’ म्हणायचं की ‘होडी’?

वर्गशिक्षिका: परवा तिसरीच्या वर्गात चित्र दाखवलं. लहानशी होडी, वल्ही मारणारा माणूस. “हे काय?” म्हटलं, तर सगळा वर्ग एका सुरात, “बोट!” एकाच्याही तोंडी होडी नाही. फार वाईट वाटलं. नाव, होडी, मचवा, पडाव, गलबत, शिबाड असताना सगळ्यांना एकच इंग्रजी शब्द? शिवाय बोट म्हणजे हाताचं बोट. निदान शाळेत तरी ‘होडी’च हवी, असं माझं ठाम मत आहे.

मोराबंदर: बाई, नाही पटलं. मग ‘आगबोट’ कुणाची? आग आपली, बोट त्यांची, आणि शब्द पक्का मराठी. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. माझी आजी ते सांगताना ‘रामदास बोट’च म्हणायची. त्या शब्दाला परका कसं म्हणू?

खाडीकाठची: बोटाचा घोळही होत नाही. ते बोट, ती बोट. बोटं दुखतात, बोटी सुटतात. तुमची ‘नाव’ तरी कुठे एका अर्थाची आहे? नावाने हाक मारतो, नावेने नदी ओलांडतो. आणि मला तर बोट लागते! रेवसला पोहोचेपर्यंत लिंबू नाकाशी धरून बसते. गाडी लागते तशीच बोट लागते, हे बोलणं आपलंच.

वर्गशिक्षिका: ‘नाव’चा मुद्दा मान्य. पण मोराबंदर, तुमची आजी बोट म्हणायची आणि मचवाही ओळखायची. माझ्या वर्गाला फक्त बोट येते. दुखतंय ते हे.

मोराबंदर: हे मात्र खरं. आमच्याकडेही वल्ह्यांची ती होडी, मासेमारीला खोल जाते ती बोट, धक्क्यावर जाते ती लाँच. म्हणजे तुमच्या चित्रात होडीच होती. पण पोरांचं ‘बोट’ लाल शाईने खोडू नका.

वैनगंगाकाठचा: तुम्ही सगळे समुद्राकडचंच बोलताय. आमच्याकडे नदीत डोंगा चालतो. लहानपणी शाळेच्या पुस्तकातली ‘होडी’ मला बोटीइतकीच परकी वाटायची. होडी सक्तीची केलीत, तर आमच्या पोरांचा डोंगा चुकीचा ठरणार का?

वर्गशिक्षिका: डोंग्याचा विचारच केला नव्हता. सक्तीचं मागे घेते. होडी मात्र शिकवणारच.