मदत हवी आहे: लोकशाही दुसऱ्या देशात नेऊन रुजवता येते का? (पुतणीची वादविवाद स्पर्धा)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. शेती करतो. गावच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते, तेवढ्यावरून गाव मला हुशार समजतं आणि त्याचं फळ आता भोगतो आहे. पुतणी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी स्पर्धा, विषय 'लोकशाही निर्यात करता येते', आणि चिठ्ठीत तिला नेमकी अनुकूल बाजू निघाली. "काका, मुद्दे काढून द्या" म्हणून मागे लागली आहे.

प्रतिकूल बाजू असती तर चहा थंड व्हायच्या आत लिहून दिलं असतं. इराकच घ्या. २००३ मध्ये अमेरिकेने सद्दामला हटवलं आणि मे महिन्यात तिथला अमेरिकी कारभार पाहणाऱ्या ब्रेमरसाहेबांनी इराकची सगळी फौजच बरखास्त केली. बंदूक चालवता येणारे लाखो लोक एका हुकमाने रिकामे झाले. जानेवारी २००५ च्या मतदानानंतर शाईचं बोट दाखवणाऱ्या बायांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. वर्षभरात तिथे शिया-सुन्नी कत्तली चालू होत्या. अफगाणिस्तानात २००४ ची राज्यघटना, निवडणुका, सगळं झालं. काबूलचं नवं संसद भवन तर आपल्या देशाने बांधून दिलं, २०१५ मध्ये उद्घाटन झालं. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान शहरात शिरलं आणि संसद संपली.

अनुकूल बाजूला माझ्याकडे फक्त जपान आणि पश्चिम जर्मनी. महायुद्धात हरलेल्या जपानच्या घटनेचा मसुदा तिथला अंमल चालवणाऱ्या अमेरिकी जनरल मॅकआर्थरच्या माणसांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये आठवडाभरात लिहिला. ३ मे १९४७ ला ती लागू झाली, आणि आजवर तिच्यात एकही दुरुस्ती नाही. पण लगेच कोणी म्हणेल, जपानात १८९० पासून संसद होती, १९२५ मध्ये सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं होतं. जर्मनीतही हिटलरच्या आधी निवडणुका होत होत्याच. म्हणजे जमिनीत ओल होती.

माझी गाडी अडली आहे ती इथे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब म्हणाले होते की भारताची जमीन मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही हे तिच्यावरचं नुसतं टॉप-ड्रेसिंग आहे. कापसाला आपण वरून युरिया देतो ना, तेच, वरखत. ओल नसताना दिलं तर पैसे मातीत. मग आपल्याकडे ते कसं लागलं? जमीन तयार लागते म्हणावं तर भारत आडवा येतो, आणि नाही लागत म्हणावं तर इराक. पुतणीला काय सांगू?

वर्धेकर:
भाऊ, जपान सोडू नका, फक्त घटनेवर थांबू नका. घटना लागू व्हायच्या आधी, एप्रिल १९४६ मध्ये, तिथल्या बायांनी पहिल्यांदा मत दिलं आणि ३९ बाया निवडून आल्या. त्याहून मोठी गोष्ट जमिनीची. अमेरिकी अंमलातच सरकारने जमीनदारांची जमीन विकत घेऊन कुळांना स्वस्तात दिली. मताचा कागद आणि सातबारा, दोन्ही एकाच सुमारास हातात आले. इराकी माणसाच्या हातात काय आलं? शाई. आणि त्या फौजवाल्याची तर होती ती भाकरी गेली. पुतणीला म्हणा, मतासोबत दुसरं काय पाठवलं यावर भांड.

पांढरं सोनं:
काऊन भाऊ, लोकशाही बाहेर धाडाची गोष्ट करून रायले? आमच्या गावात अजून पोचली नाई. सरपंच बाई हाये, सही तिची, अन् खुर्चीवर तिचा नवरा. पयले तालुक्यातून गावात निर्यात करा, मंग इराकले जाऊ.

धानोऱ्याचा पाहुणा:
वरच्या भाऊंनी थट्टेत खरी गोष्ट सांगितली. मी गडचिरोलीत नोकरीला होतो. तिथलं मेंढा (लेखा) बघा. ग्रामपंचायतीचा १९५८ चा कायदा मुंबईहून आला, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ मध्ये दिल्लीहून. तोच कागद शेजारच्या गावांनाही मिळाला. मेंढ्याने बहुमतावर न थांबता सर्वसहमतीने निर्णय घ्यायची रीत धरली आणि २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. कागद बाहेरूनच आला होता की! भारताचंही तसंच. संसदीय पद्धत इंग्रजांची, पण ती बसवली आपल्या माणसांनी, तीन वर्षं कलमा-कलमावर भांडून. तुमचं वरखत लागलं ते यामुळे, असं मला वाटतं. निर्यातीला घेणारा लागतो. इराकने ऑर्डर दिली नव्हती.

धागाकर्ता:
तिघांचेही आभार. पुतणीला वाचून दाखवलं. कुळांच्या जमिनीपासून सुरुवात करते म्हणाली. 'निर्यात' या शब्दावर पहिलं मिनिट घालवायचं, घेणारा नसेल तर ती निर्यातच नव्हे, असं म्हणून इराक विषयाबाहेर काढायचा, हे तिचंच डोकं. ही पळवाट परीक्षक चालवून घेतील का? वादविवादात बोललेले कोणी असाल तर सांगा. वेळ पाच मिनिटांचा आहे.

सरपंचीणबाईच्या नवऱ्याचाही मुद्दा तिला फार आवडला, पण मीच नको म्हटलं. परीक्षकांत तसेच एकजण बसणार आहेत म्हणतात.