सर्जनशीलतेची कार्यशाळा हवीच कशाला? (चर्चा मानशीवर गेली, इलाज नाही)

मांडवीपार:
परवा 'अध्यापक' यांनी इथे लिहिलं की गोव्यातल्या पीएचडीच्या मुलांकडे कल्पकताच नाही, तेव्हा पहिल्याच सत्रात दोन दिवसांची सर्जनशीलता कार्यशाळा सक्तीची करा. गट पाडा, विचारमंथन घ्या, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लावा, प्रमाणपत्र द्या. वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय.

मुलांना कल्पना सुचतात हो. सुचल्यावर त्यांचं काय होतं ते बघा. विषय मंजूर करताना पहिला प्रश्न येतो, "यावर आधी कुणी काम केलंय का?" नाही म्हटलं की विषय बाद. पुढे 2018 चे वाङ्मयचौर्याचे नियम. साम्य 10 टक्क्यांच्या आत हवं म्हणून पोरगं आपलीच वाक्यं उलटीपालटी करत बसतं. साम्य किती ते यंत्र सांगतं. नवं काय, हे विचारायला कुणीच बसलेलं नाही.

आणि गटात विचारमंथन! येल विद्यापीठात 1958 साली हे तपासून झालंय. चौघांनी एकत्र बसून जितक्या कल्पना काढल्या, त्याच्या जवळपास दुप्पट चौघांनी वेगवेगळं बसून काढल्या. आपण अजून चिठ्ठ्याच चिकटवतोय.

आपल्या गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. नाणी हातोहात फिरून झिजतात, तेव्हा वजन किती घटलं त्यावरून त्यांचा क्रम लावता येईल, हे त्यांना सुचलं आणि त्यांनी हजारो नाणी तराजूत घातली. कुठल्या कार्यशाळेला बसले होते?

अध्यापक:
कोसंबी आले! वाटलंच होतं. हार्वर्डचं गणित आणि घरात पालीचे पंडित वडील, एवढं पदरात असलं तर मलाही काहीतरी सुचलं असतं. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील खनिज वाहणाऱ्या बार्जवर खलाशी होते, 2012 ला खाणी बंद झाल्यावर घरी बसले. प्रश्न कसा विचारायचा हे त्या मुलाला कुणी शिकवायचं की नाही?

आणि येलचं म्हणाल तर मीही आधी एकेकट्यानेच लिहायला लावतो. एका विषयावर वीस प्रश्न. पहिले सात-आठ सगळ्यांचे सारखेच: परिणाम, समस्या, आव्हाने. मग मुलं पेन चावत बसतात. शेवटच्या चार-पाचांत प्रत्येकाचं स्वतःचं काहीतरी उतरतं. तुम्ही कधी वर्गात बसून बघितलंय, की नुसतंच डोकं फिरवून घेता?

तिसरं सत्र:
सर, माझा विसावा प्रश्न सांगते. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली शेती, आणि मानशी म्हणजे त्या बांधातली पाण्याची वाट. मानशीची दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. आमच्या गावचा मानशीवरचा म्हातारा तिथी मोजून सांगतो, उद्या पाणी चिऱ्याच्या कितव्या थराला लागेल. त्याचा अंदाज छापील भरतीच्या कोष्टकाशी ताडून बघायचा, तो कुठे चुकतो आणि का, एवढाच माझा विषय. मार्गदर्शक म्हणाले, "याला संदर्भसूचीत कुठे बसवणार?" आता मी करतेय 'अमुक तालुक्यातील खाजन शेती : एक अभ्यास'. प्रश्नावली, पाच पर्याय, टक्केवारी. खाजनात पाय बुडवायची वेळ अजून आलेली नाही.

खाजनकार:
बाय, दारं आपोआप मिटतात ती पुस्तकात. आमच्याकडे पावणी, म्हणजे मानशीवर मासे धरायचा लिलाव, घेतलेला माणूस रात्री उधाणाला दार मिटू नये म्हणून त्यात फळी अडकवतो. खारं पाणी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन आत येतं, ओहोटीला तोंडाशी जाळं लावलेलंच असतं. कोरगुट भात खारं सोसतं, पण किती? एकदा शेत भरलं की पाऊस मीठ धुऊन नेईपर्यंत ते मेलंच. पूर्वी कोमुनिदाद, म्हणजे गावची जुनी जमीन सांभाळणारी संस्था, बांध राखायची. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघटनेकडे आलं, आणि संघटनेचा पैसा येतो पावणीतून. मग दार लावा म्हणून सांगणार कोण? यावर करा पीएचडी.

पागेर:
मारा सगळं पाप पावणीवाल्याच्या माथी! शेत करतो कोण आता? पोरं बोटीवर नाहीतर लंडनला. अर्ध्या खाजनात खारफुटी उभी आहे. बांध फुटतो तो कुर्ल्यांच्या बिळांनी आणि बार्जच्या लाटांनी. पूर्वी चिखल-पेंढा घालून दरवर्षी लिंपायचे. आता जेसीबीने माती ओतली की झालं, पहिल्या पावसात ती नदीत. मी पावणीचे पैसे रोख मोजतो.

खाजनकार:
रोख मोजता म्हणूनच दार उघडं राहतं. गेल्या वर्षी माझं भात करपलं. फळी तुमच्या जातभाईंची होती की नव्हती, ते बोला.

पागेर:
जात काढू नका. समोर येऊन बोला.

खाजनकार:
जात नाही काढली, धंदा काढला. येतो की समोर.

मांडवीपार:
अध्यापकसाहेब, चार प्रतिसादांत तीन प्रबंध निघाले आणि एकही चिठ्ठी लागली नाही.

अध्यापक:
निघाले, आणि आता मारामारीत बुडतील. या भांडणातून तपासता येईल असा एक प्रश्न वेगळा काढणं, तेच तर मी शिकवतो. बरं, चिठ्ठ्या मागे घेतल्या. प्रमाणपत्रही मागे घेतलं, तुमच्या समाधानासाठी. सक्ती मात्र सोडणार नाही; सक्ती नसली तर मार्गदर्शक मुलांना मोकळं सोडतच नाहीत.

मांडवीपार:
मग सक्ती मार्गदर्शकांवर करा. एवढ्यावर माझा पाठिंबा, नाइलाजाने. मुलांना तेवढे दोन दिवस मानशीवर पाठवा.

तिसरं सत्र:
मला एकच विचारायचंय. फळी कुठल्या तिथीला अडकवली, हे कुणी लिहून ठेवलंय का?

पागेर:
लिहून ठेवायला मी काय चोर आहे?

खाजनकार:
मी ठेवलंय. वही आहे, तिथी आणि वेळेसकट.

पागेर:
बघा! म्हणजे रात्री बांधावर बॅटरी मारत फिरणारा हाच तो.